लहान मुलांसह परदेशातील पहिली क्रूझ: मार्ग, केबिन आणि तयारी यांविषयी सल्ला हवा आहे

पाऊलवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

पुढच्या वर्षी परदेशातून सुटणाऱ्या क्रूझवर सहकुटुंब जायचे असे आमच्या मनात आहे. आम्ही दोघे, माझ्या सासूबाई आणि दोन मुले असे पाच जण असू. प्रवासाच्या वेळी मुलगी पाच वर्षांची झालेली असेल आणि मुलगा पावणेदोन वर्षांचा असेल. विमानप्रवास मुलांना सवयीचा आहे, पण जहाजावर आमच्यापैकी कोणीही कधी राहिलेले नाही.

आमच्यासमोर तीन मार्ग आहेत. पहिला बार्सिलोनाहून निघून फ्रान्स आणि इटलीच्या बंदरांना जाणारा, सात रात्रींचा. दुसरा अथेन्सच्या पिरेअस बंदरातून ग्रीक बेटे आणि तुर्कस्तानातील कुशादासी करून परतणारा, तोही सात रात्रींचा. तिसरा सिंगापूरहून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून पेनांग आणि फुकेतला जाऊन परत येणारा, चार-पाच रात्रींचा. माहितीपत्रके पाहिली की ज्या मार्गावर बंदरे अधिक तो मार्ग अधिक चांगला असे वाटू लागते, परंतु एवढ्या लहान मुलांना घेऊन रोज नव्या शहरात उतरणे कितपत झेपेल, याची शंका आहे. धाकट्याची दुपारची झोप चुकली तर संध्याकाळ सगळ्यांनाच जड जाते.

मार्ग कसा निवडावा, केबिन कोणती घ्यावी, समुद्र लागण्याचा त्रास मुलांना कितपत होतो आणि कागदपत्रांमध्ये कोणत्या गोष्टी हमखास राहून जातात, यांबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

दीपगृह

तुमच्या शंकेतच बरेचसे उत्तर आहे. सर्वांत लहान मुलाचा दिवस कसा जातो हे आधी कागदावर मांडावे आणि त्या दिवसात बसणारा मार्ग निवडावा. बंदरांची संख्या हा या वयाच्या मुलांसाठी निकष होऊच शकत नाही.

वयाच्या अटींपासून सुरुवात करू. बहुतेक क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला जहाजावर घेत नाहीत, आणि महासागर ओलांडणाऱ्या किंवा सलग बरेच दिवस किनारा न लागणाऱ्या सफरींसाठी ही मर्यादा बारा महिन्यांची असते. तुमचा मुलगा यातून सुटतो. मात्र जहाजावरच्या मुलांच्या क्लबमध्ये सामान्यतः तीन वर्षे पूर्ण झालेली आणि डायपर पूर्ण सुटलेली मुलेच घेतात, त्यामुळे मुलगी तिथे आनंदाने रमेल, पण मुलगा तुमच्याजवळच राहील. काही जहाजांवर सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी तासांवर शुल्क आकारणारे पाळणाघर असते. अशी जहाजे मोजकीच असतात आणि तिथल्या जागा लवकर भरतात, म्हणून पाळणाघराची चौकशी तिकीट काढण्यापूर्वी करावी आणि ऑनलाइन नोंदणी सुरू होताच हव्या त्या वेळा राखून ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट पोहण्याच्या तलावाची, आणि ती नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण बहुतेक पालकांचा पहिल्याच दिवशी विरस होतो तो इथे. अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या जहाजांना तेथील रोग नियंत्रण केंद्राचे स्वच्छतेचे नियम लागू होतात. त्यांनुसार डायपर वापरणाऱ्या मुलाला सार्वजनिक तलावात उतरता येत नाही, मग ते पोहण्यासाठी बनवलेले डायपर असले तरीही. नियम जाचक वाटतो, पण त्यामागे कारण आहे: क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जुलाब घडवणारे जंतू क्लोरिनयुक्त पाण्यातही कित्येक दिवस जिवंत राहतात. जगातील इतर भागांत फिरणाऱ्या अनेक जहाजांवरही हाच नियम पाळला जातो. म्हणून डायपरमधील मुलांसाठी पाण्याचे वेगळे खेळक्षेत्र आहे का, हे जहाजाचे नाव घेऊन विचारावे. एकाच कंपनीच्या एका जहाजावर ते असते आणि दुसऱ्यावर नसते, त्यामुळे कंपनीविषयीच्या सर्वसाधारण माहितीवर विसंबू नये.

आता मार्ग. बार्सिलोनाच्या सफरीत रोमसाठीचे बंदर म्हणून चिवितावेक्किया दाखवलेले असेल. ते रोमपासून सुमारे सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. सकाळी न्याहारी उरकून धक्क्यावरून स्थानकापर्यंत, तिथून रेल्वेने साधारण तासभर, मग रोममध्ये उन्हात रांगा, आणि जहाज सुटण्याच्या आत परत असा तो दिवस होतो. धाकटा बाबागाडीत झोपेलही, पण मुलगी दुपारी दोन वाजता चालायला नकार देईल तेव्हा तुमच्याकडे परतीचा सोपा मार्ग नसेल. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नोचे तसेच आहे. अशा बंदरांवर मोठे शहर गाठण्याचा अट्टहास सोडून बंदराच्या गावातच दोन-तीन तास फिरून परत यावे. बाकीचे प्रवासी शहरात गेलेले असतात, तलाव आणि खेळाची जागा मोकळी असते, आणि मुलांसाठी तोच दिवस सर्वांत सुखाचा जातो.

ग्रीक बेटांच्या मार्गाबाबत मी अधिक सावध राहीन. सांतोरिनीला मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत. ती खाडीत उभी राहतात आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेले जाते. जुन्या बंदरातून वर गावात जायला केबल कार आहे, आणि अनेक जहाजे एकाच वेळी आली की तिच्यासाठी उन्हात मोठी रांग लागते. पर्याय म्हणजे शेकडो पायऱ्या. घडी केलेली बाबागाडी, कडेवरचे मूल आणि वयस्कर सासूबाई यांच्यासह हालत्या बोटीत चढणे-उतरणे हे काही न जमण्यासारखे नाही, पण पहिल्याच सफरीत त्याची गरजही नाही.

तुमच्या ठिकाणी मी असतो तर सिंगापूरचा छोटा मार्ग घेतला असता. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंच्या भूभागामुळे लाटांपासून बरीच सुरक्षित आहे, सफर लहान आहे, आणि जहाजावरचे राहणे मुलांना आवडते की नाही हे त्यात पुरेसे कळते. निवडलेल्या तारखांमध्ये निदान एक पूर्ण दिवस समुद्रावर जाईल, एवढे मात्र पाहावे. त्या दिवशी कुठेही पोहोचायचे नसते आणि जहाज खऱ्या अर्थाने मुलांचे होते.

लाटांवर

दीपगृह यांनी मार्गाविषयी लिहिलेच आहे, मी केबिन आणि पहिला दिवस यांबद्दल लिहिते.

पाच जणांसाठी एकच मोठी केबिन शोधण्यापेक्षा शेजारशेजारच्या दोन केबिन घ्याव्यात, आणि शक्य असल्यास मध्ये दार असलेल्या. बहुतेक केबिन दोन ते चार जणांसाठीच असतात, आणि तान्हे बाळसुद्धा एक प्रवासी म्हणूनच मोजले जाते, कारण जीवरक्षक नौकांमधील जागांचा हिशेब माणशी असतो. दोन केबिन घेतल्या की स्नानगृहे दोन मिळतात, आणि एका खोलीत मुले झोपलेली असताना दुसऱ्या खोलीत दिवा लावून बसता येते. लहान मुले असलेल्या कुटुंबासाठी ही सोय समुद्राच्या देखाव्यापेक्षा मोलाची आहे असे मला वाटते.

जागा निवडताना जहाजाचा मध्यभाग आणि खालचे डेक यांना प्राधान्य द्यावे. जहाजाचे हेलकावे पुढच्या आणि मागच्या टोकांना आणि वरच्या मजल्यांवर अधिक जाणवतात. नकाशात केबिनच्या थेट वर आणि खाली काय आहे, तेही पाहावे. वर नृत्याचे सभागृह किंवा खुर्च्या ओढल्या जाणारे उपाहारगृह असेल तर स्वस्तात मिळालेली केबिन रात्री महागात पडते. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी जागा सर्वांत शांत.

खिडकी नसलेल्या आतल्या केबिनला लोक नाके मुरडतात, पण दुपारी झोपणाऱ्या मुलासाठी तिच्यासारखी खोली नाही. दिवा मालवला की भर दुपारी मध्यरात्रीसारखा अंधार होतो. ज्यांच्या केबिनला खिडकी किंवा बाल्कनी आहे, त्यांना एक युक्ती सांगते. केबिनच्या भिंती सहसा धातूच्या असतात, त्यामुळे त्यांवर लोहचुंबकाचे आकडे घट्ट बसतात. दोन-चार आकडे आणि एक जाडसर चादर सोबत नेली की पाळण्याचा कोपरा पडद्याने वेगळा करता येतो. चादर पाळण्यापासून हातभर दूर असावी आणि हवा खेळती राहावी, एवढी काळजी घ्यावी. पाळणा जहाजाकडूनच मिळतो, पण त्याची मागणी आरक्षणाच्या वेळीच नोंदवावी लागते.

खोलीत शिरल्याबरोबर स्नानगृहाचा उंबरठा पाहून घ्यावा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो बराच उंच असतो, आणि नुकतेच पळायला शिकलेले मूल पहिल्या तासातच तिथे अडखळते. शिवाय साध्या केबिनमध्ये टब क्वचितच असतो, बहुधा अरुंद शॉवर असतो. ज्या मुलाला डोक्यावरून पडणाऱ्या पाण्याची भीती वाटते, त्याच्यासाठी हवा भरून फुगवता येणारा छोटा टब न्यावा.

चढण्याच्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात, आणि त्या केबिनच्या दाराशी पोहोचायला संध्याकाळही होऊ शकते. म्हणून हातातल्या पिशवीत पोहण्याचे कपडे, औषधे, दिवसभर पुरतील इतके डायपर, दूध पावडर आणि प्रत्येकाचा एक जादा कपडा ठेवावा. डायपर आणि दूध पावडर जहाजावरच्या दुकानात मिळतीलच असे गृहीत धरू नये. पूर्ण सफरीला पुरतील इतके न्यावे आणि वर दोन दिवसांचे अधिक ठेवावे. इस्त्री, पाण्याची किटली आणि काही प्रकारच्या एक्स्टेन्शन कॉर्ड आगीच्या धोक्यामुळे काढून घेतल्या जातात.

त्याच दिवशी सुरक्षा सराव असतो आणि तो कोणालाही चुकवता येत नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज कलंडले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच संध्याकाळी चिवितावेक्कियाला चढलेल्या प्रवाशांचा सराव तोपर्यंत झालेलाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमाने तो चोवीस तासांत घेतला तरी चालत असे. त्यानंतर समुद्रातील जीवरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात बदल झाला, आणि १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. मुले कंटाळली तरी सराव लक्ष देऊन करावा, सर्वांनी जमायची जागा मुलीला पायी चालत दाखवावी आणि दोन्ही मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे कुठे ठेवली आहेत हे केबिनच्या कर्मचाऱ्याला विचारून घ्यावे. अनेक जहाजांवर मुलांच्या मनगटावर त्यांच्या जागेचा क्रमांक असलेली पट्टी बांधतात. ती सफर संपेपर्यंत काढू नये.

औषधपेटी

मी बालरुग्णांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. खाली लिहिते ते सर्वसाधारण स्वरूपाचे आहे. मुलांचे वजन आणि पूर्वेतिहास ठाऊक असलेल्या तुमच्या डॉक्टरांचा सल्ला त्याआधी.

समुद्र लागण्याचा त्रास दोन वर्षांखालील मुलांना क्वचित होतो. दोन ते बारा या वयात तो सर्वाधिक आढळतो, म्हणजे तुमच्या घरात काळजी मुलीची घ्यायला हवी. मोठ्यांची औषधे अर्धी करून मुलांना देण्याची पद्धत धोक्याची आहे. मळमळीवरच्या प्रोमेथाझिन या औषधामुळे दोन वर्षांखालील मुलांचा श्वास मंदावू शकतो, म्हणून ते त्यांना देऊ नये. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी मुलांसाठी नाही. पाच वर्षांच्या मुलीसाठी डॉक्टर योग्य ते औषध वजनानुसार ठरवून देतील, परंतु त्याचा पहिला डोस घरी असतानाच देऊन पाहावा, कारण काही मुलांना या औषधांनी झोप येण्याऐवजी उलट चिडचिड आणि अस्वस्थता येते. जहाजावर मळमळ सुरू झालीच तर मुलीला खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी, क्षितिज दिसेल अशा मोकळ्या हवेच्या जागी न्यावे, आणि पुस्तक किंवा मोबाइलचा पडदा नजरेसमोरून काढून घ्यावा. सासूबाईंसाठीही आधी विचारून ठेवावे. या गोळ्यांनी वयस्कर व्यक्तींना गुंगी येते आणि तोल जातो, आणि हलत्या जहाजावर तोल जाणे उलटीपेक्षा वाईट.

जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस जहाजासारख्या बंदिस्त जागी झपाट्याने फिरतो. जेवणघराच्या दाराशी ठेवलेले अल्कोहोलयुक्त हात-निर्जंतुक त्यावर फारसे परिणामकारक नाही. साबण आणि वाहते पाणी घेऊन निदान वीस सेकंद हात चोळावे लागतात. मुले ज्या वस्तूंना दिवसभर हात लावतात, म्हणजे जिन्याचे कठडे, लिफ्टची बटणे, खेळणी, त्यांचा विचार करता प्रत्येक खाण्याआधी हात धुणे ही एकच सवय कटाक्षाने पाळली तरी पुष्कळ आहे. जलसंजीवनीची पाकिटे आणि थर्मामीटर हातातल्या पिशवीत असावेत. कोणाला त्रास झाला तर तो लपवू नये आणि मुलाला क्लबमध्ये पाठवू नये, लक्षणे थांबल्यानंतरही दोन दिवस.

परदेश प्रवासापूर्वी एक वर्षापुढील मुलांना गोवरप्रतिबंधक लसीचे दोन डोस किमान २८ दिवसांच्या अंतराने मिळालेले असावेत, अशी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची शिफारस आहे. म्हणून लसीकरणाची वही दोन-तीन महिने आधीच तपासून घ्यावी.

जहाजावर दवाखाना आणि डॉक्टर असतात, परंतु बालरोगतज्ज्ञ असेलच असे नाही, आणि गंभीर रुग्णाला किनाऱ्यावरच्या रुग्णालयात हलवावे लागते. तेथील उपचारांचे पैसे सहसा आधी आपणच भरतो आणि नंतर विमा कंपनीकडे मागतो. म्हणून प्रवास विमा घेताना जहाजावरील उपचार आणि वैद्यकीय कारणासाठीचे स्थलांतर या दोन्ही गोष्टी त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेल्या आहेत ना, हे वाचून पाहावे.

शीड

कागदपत्रांबद्दल लिहितो, आणि त्याआधी दीपगृह यांच्या एका मताशी असहमती नोंदवतो. चार रात्रींची सफर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी चांगली, हा सल्ला मोठ्यांना लागू पडतो. या वयाच्या मुलांना नव्या जागी रुळायलाच दोन दिवस लागतात. जहाजावरचे रस्ते, क्लबमधील ताई, रात्रीची नवी खोली हे ओळखीचे होईपर्यंत बॅगा भरायची वेळ येते. विमानाचा लांबचा प्रवास करून जाणार असाल तर सात रात्रींमध्ये मुलांना त्या प्रवासाचे फळ मिळते. बंदरे चुकवायचीच आहेत, तर ती सात रात्रींच्या मार्गावरही चुकवता येतात.

आता व्हिसा. जहाज ज्या ज्या देशाच्या बंदराला लागते, त्या प्रत्येक देशाचा नियम वेगळा पाहावा. आपण खाली उतरणार नसलो तरी व्हिसा आवश्यक असू शकतो, आणि तो नसल्यास पहिल्याच बंदरावर जहाजात चढू दिले जात नाही. ज्यांना शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांसाठीचा एकच सामायिक व्हिसा) लागतो त्यांच्यासाठी तुमचे दोन युरोपीय मार्ग सारखे नाहीत. स्पेन, फ्रान्स आणि इटली हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत, त्यामुळे बार्सिलोनाच्या सफरीत क्षेत्राबाहेर जाणे होत नाही. ग्रीक मार्गावर मात्र कुशादासी येते. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही, म्हणजे तिथून ग्रीसला परतणे हा नव्याने प्रवेश ठरतो, आणि एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथे अपुरा पडतो. सिंगापूरच्या मार्गावरही हेच तत्त्व आहे: मलेशिया आणि थायलंड करून पुन्हा सिंगापूरमध्येच उतरायचे असते. व्हिसा लागत असल्यास तो अनेक प्रवेशांचाच मागावा.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने वैध असावेत, आणि लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांपेक्षा कमी असते हे विसरू नये. मुलांचे जन्मदाखले सोबत ठेवावेत. आई-वडिलांपैकी एकजणच मुलांसह जाणार असेल, किंवा मुले आजीबरोबर पुढे-मागे प्रवास करणार असतील, तर न आलेल्या पालकाचे नोटरीने साक्षांकित केलेले संमतिपत्र हवे.

विमान जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी पोहोचेल असे कधीही ठेवू नये. आदल्या दिवशी पोहोचून रात्री बंदराच्या शहरात मुक्काम करावा. उशिरा येणाऱ्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. हाच नियम मधल्या बंदरांवरही आहे. जहाजात परतण्याची वेळ सुटण्याच्या वेळेच्या अर्धा ते एक तास आधीची असते, आणि ती जहाजाच्या घड्याळानुसार असते. जहाजाची वेळ आणि बंदराची स्थानिक वेळ यांत काही ठिकाणी फरक असतो, आणि मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो. म्हणून एक साधे हातातले घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावे. मोबाइल विमान मोडवर ठेवणेही आवश्यक आहे, कारण खुल्या समुद्रात तो जहाजाच्या उपग्रह जाळ्याला जोडला गेला तर फार मोठे बिल येऊ शकते.

खर्चाचा हिशेब करताना जाहिरातीतल्या भाड्यावर जाऊ नये. एकाच केबिनमधील तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाचे भाडे कमी असते आणि काही कंपन्या मुलांना भाडेच लावत नाहीत, परंतु बंदर शुल्क आणि कर प्रत्येकाला भरावे लागतात, आणि अनेक कंपन्यांचे सेवाशुल्कही माणशी, दर दिवसाला असते. यात तान्ही मुले धरली आहेत की वगळली आहेत, ते विचारावे.

पाऊलवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तुमची उत्तरे आम्ही तिघांनी बसून वाचली. ग्रीक मार्ग आम्ही सोडून दिला आहे. उरलेल्या दोन मार्गांपैकी कोणता, हे पाळणाघर आणि डायपरमधील मुलांसाठीचे पाण्याचे खेळक्षेत्र ज्या जहाजावर असेल त्यावरून ठरवणार आहोत. दोन केबिन घ्यायच्या हे नक्की. मात्र सासूबाईंना समुद्र दिसणारी खोली हवी आहे. त्यांच्यासाठी बाल्कनीची केबिन आणि आमच्यासाठी तिच्यासमोरची आतली केबिन घेतली तर मुलांच्या दृष्टीने बाल्कनी धोक्याची ठरेल का? आणि संध्याकाळच्या जेवणाची वेळ कोणती निवडावी?

दीपगृह

बाल्कनीची केबिन जरूर घ्यावी, सासूबाईंच्या सफरीचा मोठा भाग तिथेच आनंदात जाईल. अमेरिकेच्या बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या जहाजांवर २०१० च्या कायद्यानुसार कठडे किमान ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर उंच असावे लागतात, आणि आधुनिक जहाजांवर खाली काच किंवा जाळी असते. पाच वर्षांच्या मुलीची उंची साधारण तेवढीच असते, पण धोका उंचीमुळे नसून खुर्चीमुळे आहे. मूल खुर्ची कठड्याशी ओढते आणि तिच्यावर चढते. म्हणून मुले त्या खोलीत असतील तेव्हा बाल्कनीतल्या खुर्च्या आणि मेज आत आणून ठेवावे, दाराची वरची कडी लावलेली असावी, आणि मोठे माणूस सोबत नसताना मुलांनी बाहेर पाऊल टाकायचे नाही हे मुलीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. पोहण्याच्या तलावावरही हीच दक्षता हवी. काही जहाजांवर जीवरक्षक नेमलेले असतात, अनेकांवर नसतात, आणि जिथे असतात तिथेही मुलापासून हाताच्या अंतरावर आपणच असायला हवे.

जेवणासाठी दोन ठरावीक पाळ्या असतील तर लवकरची निवडावी. ती साधारण साडेपाच-सहाला असते, उशिराची आठच्या पुढे. धाकट्यासाठी मऊ किंवा वाटलेले जेवण हवे असल्यास पहिल्या संध्याकाळीच वाढणाऱ्यांना सांगावे. रोज तेच टेबल आणि तीच माणसे असतात, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून ते न सांगता तयार ठेवतात. पाळणाघर असलेल्या जहाजांची तारखांसह यादी तुमच्याकडे आली की इथे टाका, मार्ग आणि वेळापत्रक पाहून पुढचे बोलू.